मौनीची बायको

"शिडी राहू दे, जिजी," लेक तिसऱ्यांदा म्हणाली. "दोन खोल्यांच्या घरात शिडी घेऊन चढणार कुठं?"

"माळ्यावर."

"माळा नाहीये तिथं. कितीदा सांगू?"

जिजीने शिडीचे आपल्याकडचे टोक सोडले नाही. दुसरे टोक टेम्पोवाल्याच्या हातात होते आणि तो बिचारा मायलेकींकडे आळीपाळीने बघत उभा होता. त्याची सगळी सकाळ अशीच गेली होती. आधी विळे-कोयत्यांची पेटी वर चढली, खाली उतरली, पुन्हा वर चढली. मग रिकामी पोती निघाली, चांगली चाळीसेक, नीट घड्या घातलेली. "पोती कशाला?" असे लेकीने विचारले, तेव्हा "पोतं कधी वाया जातं का?" असा उलटा सवाल जिजीने टाकला होता. पोती चढली. शिडी मात्र मागेच राहिली, लिंबोणीच्या पहिल्या झाडाला टेकून.

"अहो," जिजीने हाक मारली, "एकदा घरातून फिरून तरी या."

आबा केव्हाचे टेम्पोत पुढच्या जागेवर बसले होते. मांडीवर औषधांची पिशवी, नजर समोर रस्त्यावर. त्यांनी नुसती मान हलवली. नको.

बघवत नाही बिचाऱ्यांना, जिजी मनाशी म्हणाली, आणि घरातून शेवटची फेरी तिने दोघांच्या वतीने मारली.

जमीन चौदा एकर. तिच्या वडिलांची. जिजी एकुलती एक, तेव्हा वडिलांनी लेक सासरी पाठवायच्या ऐवजी जावईच घरी आणला. शहरातल्या एका टेलरचा हा तिसरा मुलगा. अंगाने किडकिडीत, हाताने मऊ आणि तोंडाने मुका. तसा मुका नव्हे, पण विचारल्याशिवाय शब्द नाही आणि विचारले तरी एकाला दुसरा जोडून नाही. आसपासच्या वस्तीवर त्याचे नाव पहिल्याच वर्षी 'मौनी' पडले. पुढे केस पिकले, लेक झाली, लेकीचे लग्न झाले, 'मौनी'चे 'मौनीआबा' झाले, पण नाव काही सुटले नाही.

उलट जिजीच्या तोंडाला खळ नव्हता. पहाटे गायीपाशी बसली की जो पट्टा सुरू व्हायचा तो दिवा मालवेपर्यंत. कुठल्या झाडाला कळी धरली, कुठली कोंबडी चोरून बसली, पाटाचे पाणी कुठे फुटले. "तुम्हाला काय वाटतं?" असे ती विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. आबा कधी चुकून दोन वाक्ये बोललेच, तर तिसऱ्याला ती दुरुस्ती करायची. "मंगळवारी नाही हो, बुधवारी." "पाच नव्हती, सात झाडं होती ती." मग आबा मान डोलवायचे. शेजारचा शेतकरी गमतीने म्हणायचा, देवाने त्या घरात दोन माणसांत मिळून एकच जीभ दिली आणि ती जिजीने आधी उचलली. जिजी यावर स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायची. तिच्या मनात कधी शंकाच आली नव्हती. कमी बोलणारा माणूस म्हणजे समाधानी माणूस, हे तिने गृहीत धरले होते.

मग एके दिवशी लिंबोणीच्या आळ्यात खुरपत असताना आबा खाली बसले ते उठेनात. इस्पितळात पोचायला अडीच तास लागले. डॉक्टर म्हणाला, "या वेळी निभावलं. पुन्हा असं झालं तर अर्ध्या तासात इथं पोचायला हवं." जिजीने निर्णय घ्यायला एक संध्याकाळही लावली नाही. जमीन शेजाऱ्याने घेतली, गायीही त्यानेच ठेवून घेतल्या. लेक शहरात इस्पितळाच्या तपासणी विभागात कामाला होती, तिने आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवर दोन खोल्या बघितल्या.

वडिलांच्या मातीवर जिजीने एका दमात सही केली. तिला घोर होता तो आबांचा.

"एवढं मोठं झाड उपटून दुसरीकडं लावायचं म्हणजे," ती लेकीला म्हणाली, "धरेल की नाही सांगता येत नाही बाई."

"झाड नाही, माणूस आहे तो," लेक म्हणाली.

"तेच तर. झाडाचं मला कळतं."

*

नवे घर एका लांब रांगेतले पाचवे. पुढे एक खोली, मागे एक, मधल्या आडोशाला स्वयंपाकघर. मागच्या बाजूला चार पावलांचे अंगण, पण तेही सिमेंट ओतून बंद केलेले. मागच्या खिडकीतून दिसायची ती दुसऱ्या रांगेची पाठ, पाइप उतरलेली. भिंत दोन्हीकडून सामाईक, त्यामुळे शेजारच्या घरात चमचा पडला तरी जिजी दचकून म्हणायची, "काय पडलं?"

पहिल्या आठवड्यात तिने भांडी लावली, पेट्या लावल्या, पोती पलंगाखाली सारली. दुसऱ्या आठवड्यात सगळे काढून पुन्हा लावले. तिसऱ्या आठवड्यात करण्यासारखे काही उरले नाही. पहाटे साडेचारला डोळे उघडायचे ते मात्र सवयीने उघडतच राहिले. मग ती अंधारात पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायची. ना दुभती गाय, ना उघडायचे खुराडे. नळाला सहाला पाणी यायचे. तेवढ्या एका कामासाठी ती दीड तास वाट बघायची आणि बादल्या दहा मिनिटांत भरून व्हायच्या.

शेजारीण भेटली की गोड हसायची. "येत जा हं काकू," म्हणायची आणि दार लावून घ्यायची. जिजी लेकीला म्हणाली, "या या म्हणतात सगळे. कधी या, ते कोणी सांगत नाही."

भाजीवाल्याशी तर पहिल्याच दिवशी वाजले. त्याच्या गाडीवरची लिंबे हातात घेऊन तिने नखाने साल दाबली आणि म्हणाली, "कोवळी तोडलीत. अजून पंधरा दिवस झाडावर राहायला हवी होती."

"मावशी," भाजीवाला म्हणाला, "मी झाड कधी बघितलं नाही. मला पोतं दिसतं. घ्यायची का?"

तिने घेतली. घरी येऊन कापली तर रस नव्हता. हे कुणाला तरी सांगावे म्हणून ती वळली, तर घरात कोणी नव्हते.

कारण आबा फिरायला गेलेले. डॉक्टरने रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. पहिले काही दिवस ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. मग अर्ध्या तासाचा एक झाला, एकाचे दोन. जिजीचा जीव टांगणीला. एकटाच कुठेतरी बाकावर बसून राहत असेल, चौदा एकर डोळ्यांपुढे आणत असेल. ती विचारायची, "कुठं होतात एवढा वेळ?"

"इथंच."

"बरं वाटतंय ना?"

"हो."

जेवताना तीच बोलायची, पण आता तिच्याही बोलण्याला टेकू राहिला नव्हता. नळ आला, नळ गेला. पलीकडच्या घरातल्या बाईने नवा पडदा लावला. तीन वाक्ये व्हायची आणि चौथे कुठून आणावे ते सुचायचे नाही. तिचे सगळे बोलणे कळ्यांतून, कोंबड्यांतून, पाण्यातून उगवत होते हे तिला आता कळत होते. ते मागे राहिले तसे शब्दही तिथेच राहिले असावेत.

*

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी आबा तीनची गोळी विसरून गेले. गोळी चुकवायची नाही, असे डॉक्टरने बजावले होते. जिजीने पायात चपला सरकवल्या, गोळ्यांची पट्टी मुठीत धरली आणि निघाली. आबा कुठल्या बाजूला जातात तेवढे तिला ठाऊक होते. दोन गल्ल्या, एक औषधाचे दुकान, मग चौक. चौकाच्या कोपऱ्यावर टेलरचे दुकान होते, पाटीवरचा रंग उडालेला. दाराबाहेर कट्ट्यावर एक घड्याळे दुरुस्त करणारा डोळ्याला भिंग लावून बसला होता. आबांसारखे कोणी इकडून गेले का, हे त्याला विचारावे म्हणून ती थांबली आणि दुकानातून हसण्याचा मोठा आवाज आला. चार-पाच माणसांचा असावा. हसणे विरले आणि त्यावर एकच आवाज पुढे निघाला, सावकाश, रंगत, नेमक्या जागी थांबे घेत.

तो आवाज ओळखीचा होता, पण तिला काही क्षण लागले. इतकी सलग वाक्ये त्या आवाजात तिने कधी ऐकलीच नव्हती.

"...तर वासरू विहिरीत," आबा सांगत होते. "आमची ही कमरेला दोर बांधून खाली. वर मी, दोर धरून. आता माणूस विहिरीत उतरतो तेव्हा गप्प उतरतो की नाही? ही बोलत बोलत उतरली. खालून आवाज येतोय, 'अहो, आवळून धरा. अहो, झोपलात का?' तिकडं वासरू ओरडतंय, इकडं ही ओरडतेय. कोण काय म्हणतंय, काही पत्ता लागेना."

पुन्हा हशा. तिचा आवाज त्यांनी हुबेहूब काढला होता. जिजीला राग यायला हवा होता, पण त्या नकलेत खोट काढायला जागा नव्हती आणि बोचरेपणाही नव्हता.

"आणि मग," आबा म्हणाले, "एकदम बंद. चिडीचूप."

दुकानातही चिडीचूप झाले.

"लग्नानंतर पहिल्यांदा ही गप्प झाली. आणि मला सुचेना काय करावं. वाकून बघायचं तर दोर ढिला पडेल. हाक मारायची तर तोंडाला कोरड. दोर हाताला चार वेढे घातलेला होता. मी पाचवा घातला. म्हटलं, आता जे होईल ते दोघांचं होईल."

कुणीतरी हळूच विचारले, "मग?"

"मग काय, खालून आवाज आला. 'अहो, ओढा की.'"

हसण्याचा कल्लोळ झाला. जिजी भिंतीला हात लावून उभी राहिली. तिच्या नाकातोंडात पाणी गेले होते त्या दिवशी, तेवढाच वेळ ती गप्प होती. वर आल्यावर आबांच्या हाताला काळेनिळे वळ उठलेले तिने बघितले होते आणि मलम लावताना संध्याकाळभर त्यांना फैलावर घेतले होते. "एवढे वेढे घालतात का? रक्त साकळलं ना सगळं. एवढीशी अक्कल नाही." त्यांनी मान डोलवली होती. त्याला आता सव्वीस वर्षे झाली.

घड्याळवाल्याने भिंग काढले. "कोणाकडं काम आहे, काकू?"

"ही गोळी आत द्यायची होती. ते गोष्ट सांगतायत, त्यांना."

"मास्तरांना?"

"मास्तर?"

"आम्ही मास्तरच म्हणतो. काय हात आहे त्यांचा. असं काज आता कोणी करत नाही हातानं." त्याने पट्टी घेतली. "या की आत. गोष्टी तर अशा सांगतात, मी दोन घड्याळं उलटी जोडली परवा."

"नको," जिजी म्हणाली. "मी इथं ऐकत उभी होते, हे मात्र सांगू नका."

*

संध्याकाळी लेक आली तेव्हा जिजी मागच्या अंगणात, सिमेंटवर स्टूल टाकून बसली होती. तिने सगळे सांगितले. लेक ऐकत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य काही उमटले नाही. हेच जिजीला जास्त लागले.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"ते असे बोलतात."

"आबा मला सायकलवरून शाळेत सोडायचे ना," लेक म्हणाली. "सहा मैल. सगळा रस्ता गोष्ट सांगायचे. त्यांच्या वडिलांच्या दुकानातल्या. एक गिऱ्हाईक होतं म्हणे, ते पँट शिवायला टाकायचं आणि न्यायला त्याचा भाऊ यायचा..." ती थांबली. "तुला नाही सांगितली?"

"नाही."

लेकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग अगदी जपून, शब्द निवडत म्हणाली, "तू बोलायचीस ना, जिजी."

एरवी जिजी म्हणाली असती, घरात दोघेही मूग गिळून बसले असते तर घर चालले असते का? त्याऐवजी तिने स्टूल उचलले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवून तोंड बंद ठेवले. मी जागा सोडते, मग बघू कोण बोलायला येते. जेवायला वाढले, समोर बसली. एक घास, दुसरा घास. शेजारच्या घरातला चमचासुद्धा ऐकू येत होता. आबांनी दोनदा तिच्याकडे बघितले. जेवण संपत आले तेव्हा त्यांनी विचारले, "बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग?"

"मग काही नाही."

आबांनी ताट उचलून ठेवले, येऊन तिच्या कपाळाला उलटा हात लावून बघितला आणि ताप नाही म्हणून समाधानाने फिरायला गेले.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिच्याने राहवेना. संध्याकाळी आबा परत आले, चपला काढून बसले, तशी ती समोर जाऊन बसली.

"मी ऐकलं तुम्हाला," ती म्हणाली. "टेलरच्या दुकानात. त्या गोळीच्या दिवशी."

आबांचे कान लाल झाले. चोरी पकडली जावी तसे ते तळव्यांकडे बघत राहिले.

"रागावले नाही मी. चांगलं सांगता तुम्ही. फक्त मला एवढंच सांगा, तिथं बोलता, ते घरी का नाही?"

इतका वेळ गेला की एरवी तिने स्वतःच उत्तर देऊन टाकले असते. या वेळी ओठ दाबून बसली.

"त्यांना माहीत नसतं," आबा शेवटी म्हणाले. "म्हणून सांगता येतं. तुला सगळं माहीत आहे. तुला काय सांगू?"

"पाचव्या वेढ्याचं मला माहीत नव्हतं."

यावर आबांनी मान आणखी खाली घातली. "ते असं तोंडावर कसं सांगायचं," ते पुटपुटले.

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होते. ती सुरू होऊन निघून गेली. मग जिजीने, एवढे दिवस विचारायला घाबरत होती ते विचारले. "तिकडची आठवण येते का तुम्हाला? जमिनीची?"

"तुझ्यासाठी वाईट वाटतं," आबा म्हणाले. "तू पहाटे उठून बसतेस, ते मला कळतं."

"माझं सोडा. तुम्हाला?"

आबा काही बोलले नाहीत. एक्केचाळीस वर्षे जिजी या गप्प बसण्याचा एकच अर्थ लावत आली होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिने दुसरा लावून बघितला आणि तो नीट बसला. टेम्पोत आधी जाऊन बसलेला माणूस तिला आठवला. त्याला बघवत नव्हते असे नाही. त्याला निघायचे होते.

ती उठली आणि भात लावायला गेली. तांदूळ धुता धुता तिने पाणी तीनदा जास्तीचे बदलले. ज्या मातीचा लळा त्याला लागला असे ती धरून चालली होती, तिथे तो आयुष्यभर पाहुण्यासारखा राहिला. आणि ती पाहुण्याला घराची हकिगत सांगत राहिली, रोज, पहाटेपासून. तिला त्याची कीव येत होती एवढे महिने. आता ती कोणाची करावी ते कळेना.

*

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, दुपारी, आबा निघताना दारात थांबले.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"दुकानात. बस जरा तिथं."

"मी काय करू तिथं बाईमाणसानं?"

"टेलरची बायको असते. हेमिंग करते." मग आणखी एक वाक्य त्यांनी कष्टाने पुढे ढकलले. "ते सारखे विचारतात तुझ्याबद्दल."

जिजीने केस सारखे केले आणि निघाली. रस्त्यात दोघे नेहमीसारखे चालले, ते पुढे, ती दोन पावले मागे.

दुकान लहान होते. दोन मशिनी, कापडाच्या चिंध्यांचा ढीग, भिंतीवर न नेलेले कपडे. टेलर जाडजूड, गळ्यात टेप टाकलेला. त्याची बायको खिडकीपाशी पायघोळ झग्याची कड दुमडत होती. घड्याळवाला बाहेरच्या कट्ट्यावर होता, पण तोंड आत करून. त्यांच्यात एक निवृत्त पोस्टमन होता, तो बहुधा फक्त ऐकायला यायचा. सगळे उठले. टेकायला पाठ असलेली दुकानातली एकुलती एक खुर्ची त्यांनी जिजीला दिली.

"म्हणजे विहिरीतल्या त्या तुम्हीच," टेलरची बायको म्हणाली.

"मीच," जिजी म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

आबा आपल्या ठरलेल्या जागी बसले, कोपऱ्यातल्या बुटक्या बाकावर. एका जुन्या डबीतून त्यांनी सुई काढली, दोरा मेणावरून ओढला, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घातले. कोणाचा तरी कोट होता. जिजी बघत राहिली. घरची पोती, तिचे पोलके, लेकीचे दप्तर, सगळे त्यांनीच सांधले होते वर्षानुवर्षे. दिवसाचे काम संपल्यावर ओसरीच्या कोपऱ्यात बसून ते टाके घालायचे आणि ती बोलत असायची. पण तेव्हा त्यांची पाठ इतकी सैल तिने कधी बघितली नव्हती.

"मास्तर, होऊन जाऊ द्या," पोस्टमन म्हणाला.

आबांनी जिजीकडे बघितले आणि त्यांचे तोंड मिटले. दुकानभर अवघडलेपण पसरले. पोस्टमन खोकला. टेलरने उगाच मशीन दोन टाके पुढे चालवले. आपण आलो तर हे असे होणार, हे जिजीला रस्त्यातच ठाऊक होते. उठून जावे, काम आठवले म्हणावे. त्याऐवजी ती खुर्ची जरा मागे सरकवून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मला माहीत नसलेली एखादी सांगा."

आबांनी दोन टाके घातले. तिसरा घातला.

"मी नवा नवा तिकडं गेलो तेव्हाची आहे," ते कोटाकडे बघत म्हणाले. "लग्नाला महिना झाला असेल. आमचं दुकान भर बाजारात. सकाळपासून माणूसच माणूस, गलका. आणि तिकडं तर चौदा एकरात मोजून चार माणसं. संध्याकाळ झाली की नुसतं आभाळ. मला वाटायचं, आभाळ माझ्याकडंच बघतंय. हातांना फोड आलेले. सासरे चांगले, पण त्यांना वाटायचं, जावयाला झाडाचं काही कळत नाही. खरंच होतं ते." त्यांनी दोरा तोडला, नवा ओवला. आवाज आता हळूहळू वाट धरत होता. "एक दिवस सगळे बागेत गेलेले. मी पिशवी भरली. दोन शर्ट, एक पँट. दोन मैलांवर बसचा थांबा होता, तिथं जाऊन उभा राहिलो."

जिजीने पदर मुठीत धरला.

"अर्धा तास उभा. बस आली. थांबली. दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, चढा."

"मग?" पोस्टमन म्हणाला.

आबा थांबले. ही थांबायची जागा गोष्टीतली होती की खरी, ते कळायला मार्ग नव्हता. एकदा त्यांनी डोळे वर केले, जिजीच्या चेहऱ्यापर्यंत आणले आणि पुन्हा कोटावर नेले.

"मग मला आठवलं," ते म्हणाले, "विहिरीवरची मोटर चालूच राहिली. म्हटलं, जळेल. आपण गेलो तर गेलो, त्यांची मोटर कशाला जाळायची. म्हणून बंद करायला परत फिरलो. आणि ती बंद करून होतेय तोवर बस गेली. मग राहिलो."

टेलरची बायको तोंडाला झगा लावून हसली. पोस्टमनने मांडीवर थाप मारली. "एका मोटरीपायी एक्केचाळीस वर्षं," घड्याळवाला बाहेरून म्हणाला आणि हसण्याची नवी लाट उठली.

जिजी हसली नाही. त्या वर्षी विहिरीवर मोटर नव्हती. वीजच नव्हती. मोटर बसली लग्नानंतर चौथ्या वर्षी, लेक पोटात असताना. पहिला महिना तिला चांगला आठवत होता. दिवसभर बागेत जायचे आणि घरी परतल्यावर त्या अबोल नवख्या माणसाला सगळ्या दिवसाचे सांगत बसायचे, त्याला करमावे म्हणून. एका संध्याकाळी तो घरात नव्हता. दिवेलागणीला धुळीने भरलेल्या पायांनी आला आणि तिने विचारले होते, कुठे गेला होता? तो म्हणाला होता, इथेच. मग तिने त्याला पाय धुवायला पाणी दिले होते आणि राहिलेले बोलणे पुढे सुरू केले होते.

मोटर चौथ्या वर्षी बसली. हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होते, तारखेसकट.

"खरं का हो काकू?" टेलरने विचारले. "असे विसराळू आहेत मास्तर?"

सगळे तिच्याकडे बघत होते. आबा तेवढे बघत नव्हते.

"खरं आहे," जिजी म्हणाली. "मोटर त्यांच्याकडून नेहमी चालूच राहायची."

आबांनी मान वर केली नाही. काजाच्या कडेवर त्यांची सुई दोनदा चुकीच्या जागी उतरली, आणि दोन्ही टाके त्यांनी उसवून पुन्हा घातले.